गाव तिथंच, जिल्हा बदलला!

शहादा ३० जून १९९८ ला धुळे जिल्ह्यात होतं. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, ते नंदुरबार जिल्ह्यात गेलं. गावातला दगडही हलला नाही, बदल झाला तो वरच्या पातळीवर. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये सर्च बनवत असाल, तर हीच भानगड तुमच्या वाट्याला येणार आहे.

सर्च दर वेळी सगळा डेटाबेस चाळत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, म्हणजे इंडेक्स, आधीच बनवून ठेवलेला असतो. समजा, तुम्ही खान्देशातल्या कॉलेजांचं पोर्टल करताय. कॉलेजच्या टेबलमध्ये विद्यापीठाचा फक्त आयडी असतो. नाव दुसऱ्या टेबलमधून येतं आणि इंडेक्स बनताना प्रत्येक कॉलेजला चिकटतं. हे झालं डिराइव्ह्ड फील्ड.

आता आपलं विद्यापीठ घ्या. १९९० मध्ये स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आपलं ‘उमवि’, २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं झालं. विद्यापीठाच्या टेबलमध्ये एक ओळ बदलली. कॉलेजांच्या ओळी जशाच्या तशा, त्यांची ‘अपडेटेड अ‍ॅट’ तारीखही जुनीच. रात्री चालणारा प्रोग्राम विचारतो, ‘कालपासून कोणतं कॉलेज बदललं?’ उत्तर येतं, एकही नाही. सकाळी एखादी मुलगी ‘बहिणाबाई’ टाइप करते आणि रिझल्ट शून्य! लाल अक्षरात एररही येत नाही. आपलं कॉलेज यादीतच नाही असं समजून ती फॉर्म भरायचं सोडून देते.

मग करायचं काय? तारखेवर विसंबू नका. इंडेक्समध्ये जाणारा अख्खा मजकूर तयार करा, त्याचा हॅश काढा आणि मागच्या हॅशशी ताडून पाहा. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसा. वेगळा निघाला तरच ते कॉलेज पुन्हा इंडेक्स करा. एक मात्र सांभाळा. ‘इंडेक्स केल्याची वेळ’ त्या ठशात घुसली तर रोज सगळीच कॉलेजं बदललेली दिसतील. कोर्सेसची यादी उलटसुलट क्रमाने आली तरी तेच, म्हणून आधी सॉर्ट करा.

रेकॉर्ड लाखांत असतील तर रोज सगळ्यांचे ठसे काढणं परवडत नाही. तिथं ‘कोण कोणावर अवलंबून’ याची नोंद ठेवतात. विकिपीडिया हेच करतो. एक साचा बदलला की तो वापरणाऱ्या पानांची कामं रांगेत लागतात आणि ती पानं नव्याने तयार होतात. पानाच्या इतिहासात मात्र एक ओळही वाढत नाही.

कधी डेटा तोच असतो, पण तुमचा नियम बदलतो. ‘धुलिया’ शोधलं तरी धुळे सापडावं असं कोडमध्ये घातलं, की जुने सगळे ठसे बाद. म्हणून नियमाचा व्हर्जन नंबरही ठशात घाला. आणि ‘प्रवेश सुरू’ हे फील्ड तर रात्री बारा वाजता कुणी हात न लावताच बदलतं! ते साठवूच नका. शेवटची तारीख ठेवा आणि सर्चच्या वेळी हिशोब करा.

व्हायवाच्या आधी एवढं करून बघा: विद्यापीठाच्या टेबलमध्ये नाव बदला, कॉलेजच्या टेबलला हात लावू नका, नेहमीचं अपडेट चालवा आणि नव्या नावाने सर्च मारा.