बसलेल्या कमानी आणि नगरचे रस्ते

मोटारीचे चाक आणि तिचा सांगाडा यांना जोडून रस्त्याचा उंचसखलपणा शक्यतो चाकापाशीच थोपवणाऱ्या यंत्रणेसाठी परिभाषेत ‘निलंबन’ असा शब्द आहे. परंतु तो सरकारी नोकरांवरील कारवाईने केव्हाच बळकावल्यामुळे गॅरेजपासून जाहिरातीपर्यंत ‘सस्पेन्शन’च रूढ झाले. गाडी आठ-दहा वर्षांची झाली की या सस्पेन्शनविषयी मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो: झिजलेले भाग काढून मूळचेच नवे बसवावेत, की हाताशी संधी आहे तर काही ‘हेवी’ बसवून गाडी मूळच्यापेक्षा दणकट करून घ्यावी? अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत अधिकृतपणे अहमदनगर आणि बोलण्यात आजही नगर असलेल्या जिल्ह्यात, हा प्रश्न बहुधा पहिल्या पावसानंतर विचारला जातो आणि त्याचे उत्तर गाडी उचलून न पाहताच दिले जाते.

या यंत्रणेचे मूळ तत्त्व टांग्याला ठाऊक होते आणि बैलगाडीला नव्हते. बैलगाडीचा आस थेट साट्याखाली असतो, त्यामुळे चाकाला बसलेला धक्का माणसाच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. टांग्यात आस आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी पाट्यांची कमान येते आणि धक्का त्या कमानीच्या वाकण्यात सामावतो. मोटारीतील स्प्रिंग, मग ती पाट्यांची असो की वेटोळ्याची, हेच करते. मात्र वाकलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत देते, म्हणून एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ झोके खात राहील, आणि ते झोके मोडण्यासाठी स्प्रिंगच्या जोडीला शॉक अॅब्जॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘शॉकअप’, बसवलेला असतो. त्याचे नाव काहीसे फसवे आहे, कारण धक्का पेलते ती स्प्रिंग. शॉकअपमधील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकलतो, त्या घर्षणात स्प्रिंगची ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि गाडी शांत होते. फोर्डचे अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवण्याची जी रचना घडवली, ती १९५० च्या सुमारास ब्रिटिश फोर्ड गाड्यांत आली आणि आज भारतातील बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर ‘स्ट्रट’ या नावाने तीच दिसते. या खांबाला खालून धरणारा लोअर आर्म, त्याच्या सांध्यांतील रबरी बुश, चाकाला वळू देणारा बॉल जॉइंट, आणि वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे लिंक रॉड, एवढे मिळून पुढचे सस्पेन्शन पूर्ण होते.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असल्यामुळे ‘नगरचे रस्ते’ असे सरसकट काही म्हणता येत नाही. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर करत शिर्डीकडे जाणारा नगर-मनमाड रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम आहे. अकोल्यातून भंडारदरा-घाटघरकडे गेले की मुसळधार पाऊस आणि वळणे आहेत. पाथर्डीच्या वाटेवर करंजी घाट, संभाजीनगरच्या वाटेवर इमामपूर घाट. आणि प्रवरा-मुळेच्या कालव्यांखालच्या काळ्या जमिनीत पाण्याने फुगणारी व उन्हाने आकसणारी माती वरच्या डांबराला लाटांसारखे उठवते. त्यात गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर याच रस्त्यांवरून जातात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ते-चाचणीतून असे दिसले होते की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भार दुप्पट केला तर हानी सुमारे सोळा पट होते. मोटार रस्ता फारसा खराब करत नाही, दुसऱ्यांनी खराब केलेला भोगते. गतिरोधकांची गोष्टही तशीच आहे: भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, पण गावोगावी उभे राहिलेले अरुंद, उभट उंचवटे हे मानक ज्यांनी कधी पाहिले नाही अशा हातांनी घातलेले असतात.

अशा रस्त्यांवर सस्पेन्शन एकदम मोडत नाही, हळूहळू म्हातारे होते, आणि खरी अडचण तिथेच आहे. महिन्यागणिक बिघाड इतका थोडा वाढतो की मालकाचे हात आणि पाठ त्याला सरावतात. मग एखाद्या दिवशी तो नव्या गाडीत बसतो आणि आपल्या गाडीचे सस्पेन्शन मुळातच ‘हलके’ होते असा निष्कर्ष काढतो. तुलना करायची तर ती आपलीच गाडी नवी असतानाच्या स्थितीशी करायला हवी, आणि ती स्थिती बहुधा कोणालाच आठवत नसते. अधिक चांगले काही बसवण्याच्या इच्छेमागे पुष्कळदा हे विस्मरण असते.

झीज सर्व भागांत सारखी होत नाही. लहान खड्ड्यांवर खालून येणारी कोरडी खडखड बहुधा लिंक रॉडची किंवा बुशची असते, आणि हे तुलनेने स्वस्त भाग आहेत. वळताना ‘कट्ट’ असा आवाज आला किंवा स्टिअरिंग जड झाले तर स्ट्रटच्या माथ्यावरचे माउंट आणि त्यातील बेअरिंग तपासावे लागते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकाऐवजी दोन-तीन झोके घेत असेल, शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल बसला असेल, किंवा टायर एकसारखा न झिजता त्यावर हाताला जाणवतील असे खोलगट चट्टे पडले असतील, तर शॉकअप संपला असे समजायला हरकत नाही. नळीवर नुसता पुसट ओलसरपणा दिसला म्हणून मात्र तो बाद ठरत नाही. स्प्रिंग सर्वांत शेवटी थकते. सपाट जागेवर, टायरमध्ये सारखी हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले, की ‘गाडी बसली’ या तक्रारीत तथ्य किती ते टेपनेच कळते. कमी चाललेल्या गाडीचा मालक या बाबतीत निर्धास्त असतो, पण रबर किलोमीटर मोजत नाही. उन्हाने, तेलाने आणि नुसत्या वर्षांनीही ते तडकते.

शॉकअपची झीज ही केवळ आरामाची बाब नाही. झोके खाणाऱ्या गाडीचे चाक रस्त्यावर दाबून राहत नाही, आणि जे चाक क्षणभर हवेत आहे त्याला ब्रेक काहीच करू शकत नाही. पावसात घाट उतरताना याचे महत्त्व अधिक वाढते, म्हणून खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर बॉल जॉइंट आणि शॉकअप आधी, बाकीची खडखड नंतर, हा क्रम बरा. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, कारण एका बाजूला नवा आणि दुसरीकडे थकलेला असला की गाडी ब्रेक लागताच एका अंगाला ओढते. चांगल्या मिस्त्रीची ओळख आणखी एका गोष्टीतून पटते: लोअर आर्मचे बोल्ट तो गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळत नाही, चाके जमिनीवर टेकून वजन आल्यानंतर आवळतो, कारण लटकत्या स्थितीत आवळलेला रबरी बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि लवकर फाटतो. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घेणे आवश्यक आहे, नाहीतर बचतीचे पैसे टायरच्या दुकानात जातात.

यानंतर उरतो तो ‘हेवी’चा मोह. गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलेल अशा बेताने लहान गाड्यांची रचना केलेली असते, कारण माणसाच्या शरीराला ही चालण्याच्या जवळची लय सोसते. स्प्रिंग कडक केली की ही लय वाढते आणि तिला आवरण्यासाठी शॉकअपही तितका समर्थ लागतो. जुन्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवली तर गाडी उंच दिसते, पण उडते अधिक. बाजारात सर्रास मिळणारा रबरी बफर हे याच चुकीचे स्वस्त रूप आहे. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये तो ठोकून बसवला की ते वेटोळे जवळजवळ निकामी होते. सहा वेटोळ्यांची स्प्रिंग पाचवर आली की तिचा कडकपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि दाबाचा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो. सांगाडा उंच करणाऱ्या तुकड्यांनी खड्डे टळतात हे खरे, परंतु गुरुत्वमध्य वर जातो, पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात आणि त्यांचे सांधे अकाली खराब होतात.

सस्पेन्शनची निवड कामावरून आणि दुरुस्तीच्या सोयीवरून कशी ठरते याचा धडा नगरमध्येच पाहायला मिळतो. चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ मध्ये उभारलेल्या येथील रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश सेंच्युरियन आहे आणि अमेरिकी पॅटनही. सेंच्युरियनची सस्पेन्शनची जुडी बाहेरच्या अंगाला बोल्टने जोडलेली असल्याने ती काढून दुसरी लावणे तुलनेने सोपे, तर पॅटनमध्ये पीळ सोसणारे लांब पोलादी दांडे तळाशी आडवे टाकलेले असल्याने चालण्यात सफाई, पण आतली जागा आणि उंची त्यात खर्ची पडते. भारतीय बनावटीच्या अर्जुन रणगाड्यात वायू आणि तेल यांच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन आहे. ते सांभाळण्यासाठी सैन्याचे कार्यशाळांचे जाळे मागे उभे असते. जामखेडच्या किंवा राजूरच्या मोटारमालकामागे ते नसते. परदेशी बनावटीचा उंची शॉकअप बसवल्यानंतर तीन वर्षांनी त्याचे सील किंवा रबर कोठे मिळेल, हा प्रश्न त्याने विकत घेण्यापूर्वीच विचारलेला बरा.

कायद्याचा भागही नगरशी जोडलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी कोणत्या संस्थांनी करावी ते सांगतो आणि त्यात संरक्षण खात्याच्या नगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचे, म्हणजे व्हीआरडीईचे, नाव आहे. अशा संस्थेतून मंजूर होऊन आलेली गाडी मालकाने मनाप्रमाणे बदलू नये, हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमाचा रोख. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मूळच्याच मापाचा नवा शॉकअप हा बदल नव्हे. गाडी उंच करणे किंवा तिची वहनक्षमता वाढवू पाहणे मात्र त्या रेषेपलीकडे जाऊ शकते.

पैशाचा हिशेब करताना दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहण्याची सवय आहे, पण ती दिशाभूल करते; तो आणखी किती वर्षे गाडी ठेवायची आहे त्या वर्षांनी भागावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि १ एप्रिल २०२२ पासून तिच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, तेव्हा चौदाव्या वर्षी सस्पेन्शन काढण्याआधी स्ट्रट जिथे टेकतो तो पत्रा गंजला आहे का हे पाहणे शहाणपणाचे ठरते. तो पत्रा सडला असेल तर दुरुस्ती आणि बदल दोन्ही निरर्थक आहेत.

बदल खरोखर योग्य ठरतो तो गाडीचे काम बदललेले असेल तेव्हा. घोडेगावच्या बाजारात कांदा घेऊन जाणारे पाटेवाले पिकअप जाताना भरलेले आणि येताना रिकामे असते. सगळेच पाटे जाड केले तर ते येताना रस्ताभर आपटत येते. म्हणून अशा वाहनांत मुख्य पाट्यांच्या जोडीला एक जादा पाटा असा बसवण्याची पद्धत आहे, की रिकाम्या गाडीत तो मोकळा राहतो आणि भार चढून कमान दबल्यावरच टेकून कामाला लागतो.