सीटच्या दांडीतलं गणित

जव्हार-मोखाड्याच्या चढउतारांत, वांगणीसारख्या गावी, पडवीत टेकवलेल्या जुन्या काळ्या सायकलीची फ्रेम ठणठणीत असते. गंजते ती सीटची दांडी. नवी घ्यायला गेलं की कळतं, दांड्यांची मापं ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी चढतात: २६.४, २६.६, २६.८, २७, २७.२! एवढा बारकावा कशापायी?

गुपित फ्रेमच्या नळीत आहे. दांडी जिच्यात उतरते ती उभी नळी जुन्या लोखंडी सायकलींत बाहेरून बहुतेकदा २८.६ मिलिमीटर, म्हणजे एक इंच एक सूत. बाहेरचं माप ठरलेलं. पत्र्याची जाडी मात्र सायकलीगणिक वेगळी. व्यास मोजताना ही जाडी दोनदा येते, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी. म्हणून पत्रा ०.१ मिलिमीटरने पातळ झाला की आतली जागा ०.२ ने वाढते. दांड्यांच्या पायऱ्या आल्या त्या इथून! पत्रा अर्धा सूत जाड असेल तर आत उरतो बरोबर एक इंच, २५.४. पत्रा ०.६ असेल तर उरतात २७.४, दांडी सरकायला किंचित जागा सोडली की २७.२. हलक्या, चांगल्या पोलादाच्या फ्रेमचं हे नावाजलेलं माप. नुसत्या दांडीवरून पत्र्याची जाडी ओळखता येते, ती अशी.

माप घ्यायला पट्टी कामाची नाही, व्हर्नियर हवा. प्येर व्हर्निये या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये मांडलेली ही सरकती मोजपट्टी मिलिमीटरचेही भाग पाडते. आधी जुन्या दांडीचं खालचं टोक पुसा. तिथे आकडा ठोकलेला सापडतो. नसेल तर न झिजलेल्या भागावर दोन-तीन दिशांनी मोजा. दांडीच नसेल तर नळी आतून मोजा, पण तोंडाशी नको. दांडी धरून ठेवणारी पकड आवळून आवळून तोंड दबलेलं असतं.

एक पायरी मोठी दांडी आत जाणारच नाही. एक पायरी लहान मात्र गोड बोलून फसवते: सहज बसते, मग खड्ड्यागणिक खाली घसरते. ती थोपवायला बोल्ट आवळत गेलं की पकडीचे दोन्ही कान एकमेकांना भिडतात आणि फ्रेम वाकते. दांडी शे-दोनशेत मिळते, फ्रेम नाही. तेव्हा दुकानात जाताना जुनी दांडी सोबत न्या, नवीला ग्रीस लावा आणि तिच्यावरची किमान खोलीची खूण नळीच्या आतच राहू द्या.