पाचवी आलेल्या मुलीचं काय?

हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक जिंकलं. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती ३१ मिनिटं ५१ सेकंदांत धावली आणि रौप्यपदक घेऊन आली. सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरन तिच्या जेमतेम सेकंदभर पुढं होती. तेव्हापासून त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पोरांबद्दल सर्रास म्हटलं जातं, डोंगरची हवा आहे, धावणं रक्तातच आहे.

हवेचं श्रेय टिकत नाही. त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. विरळ हवेत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून धावपटू सहसा २,००० मीटरच्या वर मुक्काम करतात. केनियातलं इटेन तर २,४०० मीटरवर आहे. पाण्यासाठीची पायपीट मात्र खरी, तिनं हृदय आणि पाय कणखर होतात. पण पाड्यावरच्या सगळ्याच मुली ती करत होत्या.

रक्ताचं काय? १९९०च्या दशकात संशोधक क्लोद बूशार आणि सहकाऱ्यांनी 'हेरिटेज' अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या सुमारे ४८० जणांकडून २० आठवडे एकाच आराखड्याचा व्यायाम करून घेतला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता काहींची जवळपास वाढलीच नाही, काहींची मिनिटाला लिटरभर वाढली. या फरकाचा निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक होता. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: सुरुवातीला कोण किती दमदार होतं, यावरून पुढं कोण किती सुधारेल हे सांगता येत नव्हतं.

आपली शालेय खेळाडूंची निवड चाचणी मात्र नेमकी तो पहिला दिवसच मोजते. त्यात वयाची गुंतागुंत. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्या. कुणाची त्याआधी, कुणाची बरीच नंतर. शालेय शर्यत पुष्कळदा लवकर वाढलेलं मूल जिंकतं.

पहिल्या दिवसापलीकडे पाहायला वेळ आणि माणूस लागतो. कविताला नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखा, वर्षानुवर्षं सोबत राहणारा प्रशिक्षक मिळाला. धावपटू संजीवनी जाधवही त्यांच्याच हाताखाली घडली. चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळनं तर लष्करात गेल्यावर, २०१२मध्ये पहिल्यांदा वल्हं हाती घेतलं आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो रोइंगमध्ये तेरावा आला.

असा प्रशिक्षक सगळ्यांना मिळत नाही, पण आश्रमशाळेत दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची आणि ठरावीक अंतराची वेळ लिहायला वही, टेप आणि स्टॉपवॉच पुरतं. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींत उशिरा वाढणारी, पण सरावानं भराभर सुधारणारी मुलगी दिसू लागते. क्रीडादिनी ती पाचवी आलेली असू शकते.