शक्कर तलाव बघायला जाताय? मग चिखलदऱ्याचं पाणी जातं कुठं, तेही बघा

शेंदूरजनाघाटवरून सुट्टीत चिखलदऱ्याचा बेत ठरला की रस्ता ठरलेलाच. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा आणि मग घाट. वर पोहोचल्यावर पॉईंट फिरायचे, विदर्भात दुसरीकडे न मिळणारी इथली कॉफी प्यायची आणि शक्कर तलावात बोटिंग करायचं. धुक्यातला फोटो स्टेटसला जातोच.

पण या तलावाबद्दल एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. डोंगराच्या माथ्यावर तलाव आला कुठून?

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर आहे. पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खालच्या सपाट वऱ्हाडापेक्षा कितीतरी जास्त. तरीही उन्हाळा आला की मेळघाटातल्या काही गावांना टँकरची वाट बघावी लागते. एवढा पाऊस पडून ही तहान कशी?

याचं उत्तर पायाखालच्या दगडात आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून इथला काळा बेसाल्ट तयार झाला. हा दगड पाणी धरून ठेवत नाही. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि दगडाच्या भेगांमध्ये. खाली घट्ट थर लागला की ते आडवं सरकतं आणि कड्यातून बाहेर येतं. देवी पॉईंटला कपारीतल्या मंदिरात खडकातून टपकणारं पाणी बघितलंय ना? ते असंच.

उरलेलं पाणी थेट खाली धावतं. गाविलगडच्या डोंगराची दक्षिण बाजू भिंतीसारखी सरळ आहे, कारण तिथं जमिनीला मोठा भूभ्रंश आहे. माथ्यापासून परतवाड्यापर्यंत उतार सातशे मीटरच्या घरातला. पावसाळ्यात आपण ज्यांच्यासमोर सेल्फी घेतो ते धबधबे म्हणजे डोंगर सोडून चाललेलं पाणीच.

म्हणून इथं तलाव हवा असेल तर बांध घालून पाणी अडवावं लागतं. हे आजचं शहाणपण नाही. अहमदशहा बहामनीनं १४२५ मध्ये गाविलगड बांधून घेतला. एवढ्या उंचीवर फौज ठेवायची तर पाणी साठवणं भागच होतं. किल्ल्यावरचे मछली तलाव आणि देव तलाव आजही बघता येतात. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं गड घेतला, तोफांनी तटाला खिंडार पाडून. पुढं इंग्रजांनी शेजारीच थंड हवेचं ठिकाण वसवलं. त्यालाही तलाव लागलेच.

आता यातली भारी गोष्ट. चिखलदऱ्याच्या दक्षिण उतारावरचं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला. उत्तरेकडचं पाणी सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांतून तापीलाच जातं. म्हणजे सगळं शेवटी सुरतजवळ अरबी समुद्रात. शेंदूरजनाघाटकडचे नाले मात्र वर्धा नदीला मिळतात आणि ते पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोहोचतं. तापी आणि वर्धा दोन्ही उगम पावतात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई तालुक्यात! मोर्शी सोडून चांदूर बाजारकडे निघालं की गाडी नकळत हा पाणलोट ओलांडते. रस्त्यावर याची साधी पाटीही नाही.

पाण्याची ओढाताण मात्र दोन्हीकडे आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर खोल खोल गेले, भूजलाचा अतिउपसा झाला आणि हा भाग ‘डार्क झोन’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

जायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये धुकं एवढं दाट असतं की काठावर उभं राहूनही कधी कधी तलाव दिसत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तलाव भरलेले असतात आणि दऱ्याही मोकळ्या दिसतात. मे महिन्यात गर्दी असते, हॉटेलं भरलेली असतात आणि नेमकं तेव्हाच तलावाचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्या दिवसांत गेलात तर काठावरची कोरडी, भेगाळलेली पट्टी किती रुंद झाली आहे ते बघा. खोलीतल्या नळाचं पाणी कुठून येतं, तेही हॉटेलवाल्याला विचारून बघा.