कार्बनचा दरडोई वाटा

वॉशिंग्टनच्या ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ने १९९०-९१च्या अहवालात भारताला हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत बसवले. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’चे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१मध्ये एका पुस्तिकेतून तो हिशेबच खोडून काढला. समुद्र आणि जंगले कार्बन शोषतात, त्यावर प्रत्येक माणसाचा हक्क सारखा. तसे मोजले तर भारत आपल्या वाट्याच्या आतच राहतो. भातखाचरातला मिथेन आणि चैनीच्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसा तोलायचा, हा त्यांचा सवाल बोचराच होता. १९९२च्या हवामान करारात ‘सामायिक, पण वेगवेगळी जबाबदारी’ आली. दरडोई वाटा मात्र नाही. २००२मध्ये दिल्लीत भरलेल्या आठव्या हवामान परिषदेत पंतप्रधान वाजपेयींनी पुन्हा तोच मुद्दा मांडला.