संगणकावरील डेटा जातो कोठे?

नायगावसारख्या ठिकाणी ज्या शिक्षकांच्या घरी संगणकास मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट पुरविले जाते, तेथे दिवसाचा ठरलेला डेटा कधीकधी दुपारीच संपतो. मग यू-डायस प्लसची माहिती भरणे अडते व मुलांचा दीक्षावरील पाठ अर्धाच राहतो. अशा वेळी तर्क लढविण्यापेक्षा मोजमाप करणे श्रेयस्कर होय.

वाय-फायची जोडणी संगणक सामान्यतः अमर्याद समजतो. त्यामुळे विंडोजची अद्यतने उतरविणे, वनड्राइव्हवर छायाचित्रे चढविणे इत्यादी कामे तो न विचारता उरकतो. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये तशी मुभा असेल, तर उतरविलेली अद्यतने इंटरनेटवरील इतर संगणकांसही पाठवितो.

शोध क्रमाने घ्यावा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क व इंटरनेट’ या विभागातील ‘डेटा वापर’ उघडावा. गेल्या 30 दिवसांत कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा घेतला, हे तेथे दिसते. त्या क्षणीचा वापर ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये कळतो. संगणकाचा आकडा लहान आणि मोबाइलचा मोठा असल्यास गळती अन्यत्र आहे असे समजावे. मोबाइलमधील ॲप्स व हॉटस्पॉटला जोडलेली इतर यंत्रे तपासून संकेतशब्द बदलावा.

कारण सापडल्यावर ती जोडणी ‘मीटर्ड’ ठरवावी, म्हणजे बहुतेक मोठी अद्यतने आपोआप उतरत नाहीत. मात्र सुरक्षेची अद्यतने कायमची टाळू नयेत. जेथे अमर्याद जोडणी मिळेल तेथे ती महिन्यातून एकदा करून घ्यावीत. उपाय लागू पडला की नाही, हे दुसऱ्या दिवशीचे आकडे ताडून पाहावे.