आरतीला 'झाड' का घुमतं?

इंदूरजवळचं हातोद काय, सोलापूर काय, मराठी घरात 'बाहेरचं लागलंय' म्हटलं की दत्तक्षेत्र गाणगापूरचं नाव निघतंच. तिथे आरतीला नगारा वाजतो, 'झाड' म्हणजे बाधा झालेलं माणूस घुमू लागतं, कुणी सरसर खांबावर चढतं. हे बहुधा सोंग नसतं. असह्य ताणात जाणिवेचा धागा तुटतो आणि लहानपणापासून पाहिलेलं वागणं शरीर उचलतं. म्हणून आपल्याकडचं भूत मराठीच बोलतं! एरवी गप्प असणारी सून सासूला अरेतुरे करते, सगळे हात जोडतात.

पण कधी दुखणं वेगळंच असतं. २००७ साली जोसेप डालमाऊ यांनी वर्णन केलेल्या मेंदूदाहात शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींवर उलटतात: भ्रम, किंचाळणं, झटके. वेळीच औषध मिळालं तर बहुतेक रुग्ण सावरतात. भूत उतरवायला मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३पासून गुन्हा आहे.